इथे कपडे किती वेळात वाळतात?

नव्या गावी लॉजचा मॅनेजर किल्ली पुढे करतो, तेव्हा मी त्याला विचारते, "इथे कपडे किती वेळात वाळतात?" तो गच्चीवरची दोरी दाखवतो, नाहीतर कोपऱ्यावरच्या लाँड्रीचं नाव सांगतो. मला दोन्हींची गरज नसते. त्या गावची हवा किती तहानलेली आहे, एवढंच मला जाणून घ्यायचं असतं, आणि मोबाइलवरच्या आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा ते रोज कपडे वाळत घालणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. "जीन्स आत्ता टाकली तर जेवून येईपर्यंत वाळेल," असं उत्तर आलं की मी मोठा कागद बॅगेतून काढतच नाही.

मी जलरंगात निसर्गचित्रं करते, आणि तीही जागेवर बसून. आमच्या मंडळींत त्याला 'आउटडोअरला जाणं' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यातल्या अडचणी म्हणजे ऊन, पाऊस, माश्या, कुत्री आणि खांद्यावरून डोकावणारी माणसं. त्या आहेतच. पण उन्हाला टोपी असते, कुत्र्याला बिस्किट असतं, आणि डोकावणारा माणूस थोड्या वेळाने कंटाळून निघून जातो. हवा मात्र कुठे जात नाही. तिच्याशी जुळवूनच घ्यावं लागतं आणि दर गावी ते नव्याने करावं लागतं.

ज्यांनी शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनंतर ब्रश हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. जलरंगाचा सगळा खेळ पाणी कागदावर किती वेळ टिकतं यावर चालतो. बोर्ड थोडा कलता ठेवून आकाशाचा वॉश वरून खाली आणायचा. कागद लखलखीत ओला असेपर्यंत त्यात सोडलेला दुसरा रंग मनमानी पसरतो. चमक थोडी उतरली, कागद साटीनसारखा दिसायला लागला, की मग दूरची झाडं टाकायची. त्यांच्या कडा आकाशात अलगद विरघळतात. चमक पूर्ण गेली आणि कागद हाताला गार लागतोय, तेव्हा हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. त्या वेळी ओला ब्रश लावला तर पाणी मागे सरकत जातं आणि छान चाललेल्या आकाशात कॉलीफ्लॉवर उगवतो. कागद कोरडा झाला की पुढच्या, धारदार कडांच्या वस्तू. या चार अवस्थांमध्ये किती अंतर आहे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिता येत नाही. ते हाताला कळतं. आणि हात ज्या गावात शिकला, त्या गावचं घड्याळ घेऊन फिरतो.

माझा हात नाशिकला शिकला. नाशिकचा हिवाळा जलरंगाला फार मानवतो. रामकुंडाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते, तिथे नारोशंकराच्या देवळासमोर पायरीवर बसलं की सकाळी साडेसात ते साडेनऊ हा वेळ जणू चित्रकारासाठीच राखून ठेवल्यासारखा असतो. हवा कोरडी, पण नदीकाठची. वॉश ना घाईने वाळतो, ना रेंगाळतो. शिवाजी तुपे यांच्यासारख्या नाशिकच्या चित्रकारांनी हा घाट रंगवलेला आहे, त्यामुळे इथे चित्र काढत बसलेल्या माणसाचं कुणाला विशेष वाटत नाही. पावसाळ्यात पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, यावर गाव पुराचं माप काढतं. आमच्या बसण्याच्या जागाही त्याच मापाने सरकतात. एप्रिल-मे मात्र वैऱ्याचे. घराघरांच्या गच्चीवर कुरडया घातलेल्या असतात आणि त्या बघताबघता कडकडीत होतात, तेव्हाच ओळखावं की आज आकाश एका दमात होणार नाही. त्यात २० मेच्या सुमारास नाशिकला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते. सावली नसलेल्या देवळाचं चित्र काय काढणार? त्या दिवसांत सकाळी नऊनंतर मी सरळ घरी जाते.

प्रदर्शनात लोक माझ्या चित्रांपुढे उभे राहून म्हणतात, "मागची झाडं धुक्यात विरघळलेली आणि पुढचा घाट खणखणीत, ही तुमची खास शैली." मीही बरेच दिवस खुशीत मान डोलवत होते. नाशिक सोडून लांबच्या गावी बोर्ड टेकवायला लागले तेव्हा कळत गेलं, की त्या शैलीतला निम्मा वाटा मार्गशीर्षातल्या नाशिकच्या हवेचा आहे. तोच हात, तेच ब्रश, तोच कागद घेऊन दुसरीकडे बसावं, तर शैली जागेवर नसते.

लेहला हे पहिल्यांदा लख्ख दिसलं. लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटर उंचीवर. पहिला दिवस डॉक्टर सांगतात तसा पडून काढायचा. दुसऱ्या दिवशी रंगाची ट्यूब उघडली, तर न दाबताच रंग आपणहून बाहेर यायला लागला. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. खाली बंद झालेली ट्यूब वर फुगून बसते, दुकानातली चिप्सची पाकिटं फुगतात तशीच. पॅलेटमध्ये घरून भरून नेलेल्या वाळक्या रंगांची आणखीच गंमत. रंगातल्या गोंदातलं उरलंसुरलं पाणी हवेने ओढून घेतलं, वड्यांना भेगा पडल्या आणि बॅग उघडली तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएन्नाचे खडे टॉवेलमध्ये सांडलेले.

आणि वॉश! अर्ध्या शीटवर आकाश वरून आणायला घेतलं. तिथलं आकाश इतकं गडद निळं की रंग दाट कालवावा लागतो. ब्रश पुन्हा भरून खाली टेकवेपर्यंत वरची पट्टी वाळून तिची कडा उमटलेली. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत आकाशाला जिना झाला. तिथे नाशिकच्या चार अवस्था नाहीतच. एक लखलखीत ओली आणि एक ठणठणीत कोरडी, मधल्या दोन हवेने खाऊन टाकलेल्या. दूरची झाडं विरघळवायला साटीनची जी वेळ लागते, ती येते आणि जाते, तोवर आपण ब्रश झटकत असतो.

यावर चित्रकारांचे तोडगे आहेत. पाण्यात ग्लिसरिनचे दोन-चार थेंब टाकायचे, वाळणं जरा लांबतं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून लाकडी बोर्डाऐवजी ॲक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवायचा, म्हणजे खालून तरी ओल राहते. फवाऱ्याची बाटली शेजारी. दुपारी बाराच्या पुढे वारा सुटतो आणि मग हे सगळे तोडगे निरुपयोगी, इझल धरायलाच एक माणूस लागतो. मी शेवटी क्वार्टर शीटवर आले, म्हणजे ११ बाय १५ इंच. तेवढ्या कागदावर हात हवेच्या पुढे राहू शकतो.

पण वाळण्यापेक्षा मोठा पेच वेगळाच होता. आपल्याला शिकवलेलं असतं की जे दूर ते फिकं आणि निळसर. ब्रह्मगिरीकडे बघून शिकलेल्या माणसाला ते खरंच वाटतं, कारण आपल्याकडे मधल्या हवेत धूळ, बाष्प, धूर सगळं असतं. लेहमधून सिंधूपलीकडची स्टोकची रांग पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, आणि तिच्या कड्यावरची प्रत्येक सुरकुती समोरच्या भिंतीइतकी स्पष्ट दिसते. दिसतं तसं रंगवावं तर चित्रात डोंगर अंगावर येतो, दूर जातच नाही. शिकलेल्या नियमाने फिका करावा तर लडाखचं त्र्यंबक होतं. मी पहिले काही दिवस दुसरा मार्ग पत्करला, मग तो सोडला. आता डोंगर दिसतो तसा धारदारच ठेवते आणि पायथ्याशी एखादा छोर्तेन, नाहीतर पाठीवर चारा घेऊन जाणारी बाई टाकते. त्या एवढ्याशा आकृतीने डोंगर मागे सरकतो. अलचीकडे ऑगस्टअखेरीला घरांच्या छपरांवर जर्दाळू वाळत घातलेले असतात, राखाडी-पिवळ्या गावात नारिंगी चौकोन. किती दिवसांत वाळतात, असं मी तिथल्या आजींना खुणांनी विचारलं. त्यांनी सूर्याकडे बोट केलं आणि हसल्या. प्रश्नच वेडगळ होता, त्या हवेत काय वाळणार नाही?

याच्या अगदी उलट टोकाला कोकण. दापोलीजवळचं हर्णै बंदर मला फार प्रिय आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मचव्यांची गर्दी, संध्याकाळी मासळीचा लिलाव, पाण्यात शिरून मासळी आणणाऱ्या बैलगाड्या. चित्रकाराला आणखी काय हवं? पण इथे बसलात की दोन घड्याळं सांभाळावी लागतात, एक वाळण्याचं आणि एक भरती-ओहोटीचं. ओहोटीत वाळूवर कलंडलेली होडी मन लावून रेखाटावी. तासाभरात पाणी येतं, होडी सरळ उभी राहते आणि नाळ दुसरीकडे वळवते. नांगरलेल्या होड्यांचं तर विचारूच नका. प्रवाह फिरला की सगळ्या एकदम तोंड फिरवतात.

तिथे जवळा वाळत घालणाऱ्या एका मावशींनी मला भरतीचं गणित दिलं. "आज तिथी कंची? अष्टमी ना? आठ पाऊण सहा. सहाला पाणी भरलं." तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. किनाऱ्यावरच्या माणसांना पाऊणकीचा पाढा अजून लागतो. माझा पार विसरला होता, तो त्या वाळूत पुन्हा पाठ केला. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, म्हणून होड्या त्यातल्या त्यात स्थिर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मी हर्णैला होड्या काढायला बसत नाही, तेव्हा किल्ला काढते. किल्ला हलत नाही.

जवळ्याकडूनही मी शिकले. मावशी सकाळी तो पसरत, दुपारी हाताने फिरवत आणि संध्याकाळी लगबगीने गोळा करत. "रातची हवा लागली तर ओला होतो परत, ताई." म्हणजे वाळलेलं पुन्हा भिजतं! माझ्या कागदाचंही तेच होत होतं. हिवाळ्यात सकाळी कोकणात मतलई वारे असतात, जमिनीवरून समुद्राकडे जाणारे, बरेच कोरडे. तेव्हा वॉश नाशिकसारखा वागतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की ऊन कडक असूनही कागद वाळायला मागत नाही. शाळेच्या भूगोलात खारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केलेत. मला त्यांचा अर्थ पॅलेटवर कळला. आता हर्णैला आकाश आणि पाणी सकाळी नऊपर्यंत उरकते. दुपारनंतर फक्त पेन्सिलची रेखाटनं, माणसं, बैल, टोपल्या.

पावसाळ्यातलं कोकण मात्र जलरंगाला चक्क नकार देतं. मित्रमंडळी श्रावणातल्या हिरव्या डोंगरांची वर्णनं करत नेतात आणि मीही मोहाला बळी पडून जात असे. तिथे कागद बॅगेतून काढतानाच मऊ लागतो. वॉश घातला की तासभर तसाच. मधल्या काळात ढग खाली येतो, समोरचा डोंगर गायब, पुन्हा दिसतो तेव्हा दुसराच. गाडीत बसून रंगवायचं आणि एसी सुरू करून बोर्ड त्याच्या झोतासमोर धरायचा, हा उपाय चालतो, कारण एसी हवेतलं बाष्प काढून टाकतो. पण गाडीच्या काचेतून किती चित्रं काढणार? आणि खरा घात पुढेच असतो. जलरंगाच्या चांगल्या कागदाला जिलेटिनचं सायझिंग असतं, त्यामुळे तो रंग लगेच पिऊन टाकत नाही. दमट हवेत कागद पडून राहिला की हे सायझिंग जागोजागी मरतं. कागद बघून काहीच कळत नाही. पांढराशुभ्र, स्वच्छ. वॉश घातला की त्या जागी गडद ठिपके उमटतात, कारण तिथे कागद टीपकागदासारखा रंग पितो. महागाच्या आयात कागदाचं अख्खं पॅकेट असं गेलेलं मी पाहिलं आहे. वर बुरशी वेगळी. मध घातलेले रंग मिळतात, ते लडाखात भेगाळत नाहीत म्हणून लोक कौतुक करतात. तेच कोकणच्या पावसात पॅलेटमधून वाहायला लागतात आणि बंद पॅलेट उघडलं की सगळे एकमेकांत मिसळून चिखल.

वाराणसीला जाते ती डिसेंबर-जानेवारीत, धुक्यासाठीच. तिथले घाट गंगेच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून. सूर्य समोरच्या मोकळ्या तीरावरून उगवतो आणि थेट पायऱ्यांवर येतो. दुपारनंतर तेच वाडे आणि राजवाडे सावलीत. म्हणून घाट रंगवायचे तर सकाळीच, याला पर्याय नाही. आणि सकाळी धुकं. पन्नास पावलांवरचा माणूस आकृती होऊन जातो, शंभर पावलांवरचा नाहीच. हे जलरंगाचं स्वप्न आहे, असं मी नाशिकला बसून म्हणत असे. प्रत्यक्षात धुक्यात कागद वाळतच नाही. साटीनची जी अवस्था लेहला क्षणभर येते, ती इथे अर्धा-अर्धा तास मुक्काम ठोकते. रंग सोडावा तो सावकाश चालत राहतो, आपण चहा पिऊन येईपर्यंत छत्रीचा रंग पायरीवर पोचलेला.

नाववाल्याला मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने कपड्यांची गोष्ट काढलीच नाही, हात वर करून वारा बघितला. "पछुआ चली तो दस बजे तक छँट जाएगा. पुरवइया रही तो दिन भर यही हाल." पश्चिमेचा वारा कोरडा, पूर्वेचा ओला. एवढं एक वाक्य मला हवामानाच्या ॲपने कधी दिलं नव्हतं. पछुआ असला तर मी दोन थरांचं चित्र ठरवते, पुरवइया असला तर एकाच थराचं, ओल्यावर ओलं, आणि जे निसटेल ते निसटेल.

गर्दीचं म्हणाल तर वाराणसीइतके प्रेक्षक मला कुठे मिळाले नाहीत. नाशिकला लोक विचारतात, "किती वेळ लागतो?" आणि "किती मिळतात?" पुण्याकडे कुणीतरी स्वतःच्या मुलीची ग्रेड सांगतं. वाराणसीत सरळ समीक्षा सुरू होते. एका सकाळी बांबूच्या मोठ्या छत्रीखाली बसलेले पंडाजी माझं चित्र बघायला उठून आले आणि म्हणाले, "मैडम, छतरी तो आपने सात बजे वाली बनाई है." घाटावरच्या छत्र्या उन्हाबरोबर कलत्या करतात, दिवस चढतो तशी प्रत्येक छत्री वळते. मी रेखाटन सातला केलं होतं, ते आले तेव्हा अकरा वाजत आले होते आणि घाटावरच्या सगळ्या छत्र्या वेगळ्या कोनात होत्या. सावल्या सकाळच्या होत्या, म्हणून छत्रीही सकाळचीच राहू दिली. पण तेव्हापासून घाटाचं चित्र बघताना मी आधी छत्र्यांचा कोन बघते. कुणी किती वेळ बसून काढलंय, ते त्यावरून कळतं.

बाई माणूस म्हणून काय वेगळं, असं तरुण मुली विचारतात. फारसं भावनिक काही सांगण्यासारखं नाही. पुरुष चित्रकार घाटाच्या पायरीवर चार तास बसतो, मी दोन तासांच्या हिशोबाने पाणी पिते, कारण आसपास स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवलेलं असतं आणि बहुधा ते नसतंच. पाठ भिंतीला लावून बसते. पुढे कितीही माणसं उभी राहोत, मागे नकोत. एवढं पाळलं तर बाकी त्रास सगळ्यांसारखाच. सुरक्षारक्षकांचा, उदाहरणार्थ. एका संरक्षित वास्तूच्या दारात इझल म्हणजे ट्रायपॉड, आणि ट्रायपॉडला परवानगी लागते, यावरून माझा अर्धा तास गेला, तेवढ्यात घुमटावरचं ऊन उतरलं. तेव्हापासून बोर्ड मांडीवर घेऊन रंगवते. विमानात टर्पेन्टाइन नेता येत नाही, रेल्वेतही ज्वालाग्राही सामानाला बंदी. तैलरंगवाल्या मित्रांची त्यावरून चिडचिड चालू असते. जलरंगवाल्यांचं एवढं तरी सुख.

फोटो काढून घरी का रंगवत नाही, हा प्रश्न न चुकता येतो. कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो आणि उजेड पांढरा, हे एक कारण. दुसरं मला जास्त पटतं. नाशिकच्या खोलीत बसून मी फोटोवरून लेह रंगवलं, तर ते नाशिकच्या हवेत वाळणार, आणि तशा कडा लेहला कधीच उमटणार नाहीत. असली चित्रं मला लगेच ओळखू येतात. विकली चांगली जातात, ते वेगळं.

याच संदर्भात मला कधीकधी गंगाराम तांबट आठवतो. पेशवाईच्या उत्तरकाळातला हा पुण्याचा चित्रकार. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने १७९० च्या दशकात वेरूळची लेणी चितारली. ती चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मी ती छापील पाहिली आहेत. बघताना माझं लक्ष शिल्पांआधी शाईच्या आणि रंगाच्या वॉशकडे जातं. कुठल्या महिन्यात बसला असेल हा माणूस? लेण्याच्या आतल्या गारव्यात की बाहेरच्या झळांत? कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं दुसरं टोक. ते कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ हेच परिसर पुन्हापुन्हा रंगवत राहिले, १९३१ साली गेले तोवर. एकाच पाण्याच्या काठी आयुष्य काढलं की तिथली हवा तळहातावरच्या रेषेसारखी माहीत होत असणार. प्रवासातल्या चित्रकाराला ते कधी मिळत नाही. चार दिवसांच्या मुक्कामात घड्याळ जुळायला लागतं आणि परतीचं तिकीट असतं.

म्हणून आता मी कुठेही पोचले की पहिल्या दिवशी चित्र काढत नाही. कागदाच्या चार-पाच कापट्यांवर एकाच रंगाचा सपाट वॉश घालते, सकाळी एक, उन्हात एक, सावलीत एक, वारा सुटल्यावर एक. चमक कधी उतरली आणि कागद कोरडा कधी झाला, ते मिनिटांत मागे लिहून ठेवते. बरोबरच्यांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. ते आठ ठिकाणं बघून आलेले असतात आणि माझ्याकडे निळ्या पट्ट्या असतात. पण दुसऱ्या दिवशी बसले की हात अडखळत नाही. रंगवायचा कागद सावलीतच धरावा, हेही त्या पट्ट्यांनीच पक्कं केलं. उन्हात पांढरा कागद इतका झगमगतो की आपण सगळे रंग गडद कालवतो, आणि खोलीत आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं.

बाहेरगावी रंग घेऊन निघणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. लेहला क्वार्टरपेक्षा मोठा कागद नेऊ नका आणि ग्लिसरिनची छोटी बाटली विसरू नका. वाराणसीला धुक्यात एका कागदावर एकाच थराची अपेक्षा ठेवा. कोकणात जून ते सप्टेंबर जलरंग नेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइल पेस्टलचा डबा न्या, त्याला पाण्याशी काही देणंघेणं नसतं. जलरंगाची बॅग दसऱ्यानंतर, मतलई वारे सुरू झाले की काढा.